बिनअंगठ्याची पकड

अख्ख्या रावेर तालुक्यात माझ्या थोरल्या मामांना फसवायचं असेल तर एकच उपाय आहे: दोन्ही हात खिशात घालून त्यांच्यासमोर उभं राहायचं. चेहरा त्यांच्या कामाचा नाही. चेहऱ्यावर माणूस वाट्टेल ते आणू शकतो, हात मात्र खोटं बोलायला शिकलेले नाहीत, असं त्यांचं मत. मी त्यांचा सख्खा भाचा, तरी मधे दोन वर्षांनी भेटलो तेव्हा ते माझ्या नव्या दाढीकडे परक्यासारखे बघत राहिले आणि मी चहाचा कप उचलल्यावर कुठे म्हणाले, "अरे, तू होय." मग कप खाली ठेवेपर्यंत त्यांची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. मामा असे बघायला लागले की आपला हात आपला राहत नाही. तो आपल्याबद्दल काहीतरी सांगतोय आणि आपल्यालाच ते ऐकू येत नाही, असं वाटत राहतं. मामेबहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा बाकीचे लोक मुलाला नोकरी विचारत होते, शेती विचारत होते. मामांनी त्याच्यापुढे भुईमुगाच्या चार शेंगा सरकवल्या आणि फोड म्हणाले. पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. पण धरलेली वस्तू सोडायची कधी, ते त्याले समजत नही." कुणी मनावर घेतलं नाही. लग्नात नवरदेवाने हार घातला आणि घातलेला हार सोडेचना. नवरी मान वाकवून उभी, भटजी थांबलेले, शेवटी त्याच्या मित्रांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली. मांडवातले सगळे हसत होते. मामा एका कोपऱ्यात पान चावत होते, आणि त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता.

त्यांच्याकडे गेलं की पाण्याच्या तांब्याआधी ओल्या मातीचा गोळा हातात येतो. तो मुठीत दाबायचा आणि परत द्यायचा, एवढंच. मामा तो सावलीत वाळवून आतल्या खोलीच्या फळीवर ठेवतात. फळीवर गावातल्या शे-दीडशे माणसांच्या मुठी आहेत, म्हणजे मूठ नाही, मुठीच्या आतली जागा. त्यांत माझी आहे, पोस्टमनची आहे, आजारी आत्याची आहे, आणि ज्यांना जाऊन दहा वर्षं झाली अशा चार-पाच जणांचीही आहे. त्यांच्या मुठी अजून तितक्याच घट्ट आहेत. नावं लिहिलेली नाहीत, मामांना लागत नाहीत. भर दुपारीही मी त्या खोलीत एकटा बसत नाही. मामी तर तिथे झाडायलासुद्धा जात नाही; ती म्हणते, तिथे गेलं की कुणीतरी पदर धरल्यासारखं वाटतं.

त्या फळीवर माकडांच्या मुठीही आहेत. मामांच्या घरामागे कुंपणाची भिंत आहे आणि भिंतीवर लिंबाची सावली. तिथे वर्षभर लाल तोंडाची माकडं येतात आणि उन्हाळ्यात सातपुड्यातलं पाणी आटलं की काळ्या तोंडाची वानरं. मामा त्यांना वस्तू देतात: शेंगदाणा, तांदळाचा एक दाणा, शर्टाचं बटण, गाठ मारलेला रुमाल, झाकणाची डबी. मामीची समजूत अशी की हे मारुतीरायाचं काहीतरी व्रत आहे, आणि मामांनी ती समजूत कधी मोडली नाही, कारण व्रत म्हटल्यावर शेंगदाणे बिनबोभाट मिळतात. लाल तोंडाचं माकड तांदळाचा दाणा अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत बरोबर उचलतं, निवडायला बसलेल्या बाईसारखं. वानराला ते जमत नाही. त्याचा अंगठा आखूड, मनगटाशी चिकटून राहिलेला. बोटांपर्यंत तो पोचतच नाही. ते चार बोटांचा आकडा करून सगळं ओढतं. "पण झाडावर त्याची पकड पाहा," मामा सांगतात. "अंगठा नही म्हणून अडकत नही. मनात आलं की धरलं, मनात आलं की सोडलं."

हे स्वतःच्या हाताने समजून घेण्यासाठी मामांनी एक पूर्ण महिना जुन्या धोतराच्या पट्टीने दोन्ही अंगठे तळहाताला बांधून काढले. त्या महिन्यात त्यांच्या शर्टाची बटणं मामीने लावली, वरण-बट्टीतली बट्टी नातवाने चुरून दिली आणि बसमध्ये मामा वरच्या दांडीला चार बोटं अडकवून असे लोंबकळायचे की कंडक्टर त्यांना तिकीट विचारायला दोनदा विचार करायचा. महिना संपला, पट्ट्या सुटल्या, पण मामांचे अंगठे त्यानंतर बरेच दिवस आपणहून तळहातात मिटून जायचे. जेवताना मधेच त्यांच्या लक्षात यायचं आणि ते ताटावर हात धरून त्याच्याकडे बघत बसायचे, जणू कुणी दुसऱ्यानेच आपला हात तिथे ठेवलाय.

एकदा माझ्यासमोर एका म्हाताऱ्या माकडिणीने त्यांचा हात धरला. चावली नाही, ओरबाडलं नाही. तिने त्यांचा तळवा उलटा केला, एकेक बोट वेगळं केलं, नखं बघितली आणि मग हात परत केला. वस्तू बघून झाल्यावर दुकानदाराला परत देतो तसा. मामांच्या अंगावर काटा आला होता. ते म्हणाले, "तिनं मले पारखलं." नापास केलं की पास, ते मात्र त्यांना कळलं नव्हतं, आणि त्याची रुखरुख त्यांना कित्येक दिवस होती.

हा सगळा छंद आला होता पोटापाण्याच्या कामातून. मामा चाळीस वर्षं केळीत. आधी घड कापले, मग ट्रक भरले, आणि शेवटची वीस वर्षं रस्त्यावरच्या एका पॅकिंग शेडमध्ये माल तपासला. हिरवं केळं फार पोटात ठेवणारं असतं. आज कुणी त्याला जोरात दाबलं तर आज काही दिसत नाही. घडातून सुटी केलेली फणी हौदात धुतली जाते, खोक्यात बसते, थंड खोलीत पिकायला जाते, आणि पाचव्या दिवशी पिवळ्या सालीवर ती बोटं काळी होऊन वर येतात. शेडचे शेठ प्रत्येक बागेच्या मालातलं एकेक खोकं मागच्या थंड खोलीत ठेवायचे आणि पाचव्या दिवशी मामा बॅटरी घेऊन आत जायचे. ही शांताची चिमूट, हे त्या नव्या पोरीचं नख, हा लोडिंगवाल्याचा पंजा. बाहेर येऊन ते ज्याच्या त्याच्या कानात सांगायचे, नखं काढ, हात हलका ठेव. वीस वर्षांत त्यांच्या पारखीने कुणाचं काम गेलं नव्हतं. बायका म्हणायच्या, नानांपासून काही लपत नाही. शेडमध्ये मामांना सगळे नाना म्हणतात. यात कौतुक होतं आणि थोडी भीतीही. मला विचाराल तर भीती रास्त होती. ज्या खोक्यावर मालकाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि धुणाऱ्या बाईचं कुठेच नसतं, त्या खोक्यात तिची बोटं तेवढी नावानिशी ओळखली जावीत, तीही फक्त डाग पडल्यावर, हे मला कधीच पटलं नाही. मामांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते माझ्या हाताकडे बघून म्हणाले, तू पेन फार आवळून धरतोस.

गेल्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याकडून डागांमुळे अख्खा ट्रक परत आला. शेठ हादरले आणि पाचव्या दिवशी मामांच्या मागोमाग स्वतःच थंड खोलीत शिरले. मामांना ते मागे आहेत हे कळलं नाही. बॅटरीच्या उजेडात फणीवर चार लांब काळी बोटं होती आणि अंगठा नव्हता. दुसऱ्या फणीवर तेच, तिसऱ्या फणीवर तेच. मामा सवयीने पुटपुटले, "ही इंदूची."

इंदूबाई शिरपूरकडची, लग्न होऊन इकडे आलेली. उजवा अंगठा लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात जवळजवळ सगळा गेलेला. ती हौदावर फण्या धुवायची, चार बोटांनी आणि तळव्याने, आणि इतकी हलकी की मामा नव्या बायकांना तिच्याकडे बघायला उभं करायचे. शेठने त्याच संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नकोस सांगितलं. रावेरात अशी गोष्ट एका दिवसात सगळ्या शेडमध्ये फिरते. ती जिथे गेली तिथे तिच्या तोंडाकडे न बघता लोकांनी तिच्या अंगठ्याकडे बघितलं आणि जागा नाही म्हणाले. घरी सासू आणि दोन मुली. तिला परत कामावर घ्या म्हणून मी रात्रीतून पत्रक लिहून काढलं, मजबूत शब्दांत, आणि मामांना दाखवायला गेलो, तेव्हा कळलं की तिच्या विरुद्धचा एकुलता एक साक्षीदार माझ्याच घरचा आहे.

मी तिथे असतानाच ती आली. आत आली नाही, चौकट धरून उभी राहिली. रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, "नाना, हात मना शे. पन हाऊ डाग मना नही." हात माझा आहे, पण डाग माझा नाही, एवढंच. मामा तिच्या चौकटीवरच्या हाताकडे बघत होते. चार बोटं लाकडाला धरून होती आणि अंगठ्याची जागा रिकामी होती, हुबेहूब केळ्यावर होती तशी. मामांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना वाईट वाटत होतं, पण डोळ्यांनी बघितलेलं ते नाही कसं म्हणणार. ती गेल्यावर त्यांनी फळीवरून तिचा मातीचा गोळा काढला आणि बराच वेळ हातात धरून बसले. मी पत्रक घडी करून खिशात घातलं. त्या घरात बसून ते वाचून दाखवायची मला हिंमत झाली नाही.

आणि मग ते सुरू झालं. इंदूबाई गेली, तिच्या जागी दुसरी बाई आली, पाच दिवस झाले, आणि थंड खोलीत पुन्हा चार काळी बोटं उमटली. पुढच्या खोक्यावर पुन्हा. बाई घरी बसलेली आणि तिचा हात शेडमध्ये कामावर. ही बातमी हौदावर पोचली तेव्हा बायकांनी पाण्यातून हात बाहेर काढले आणि परत घालेचनात. एकीने सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असते तेव्हा हौदातलं पाणी कुणी ढवळल्यासारखं हलतं. दुसरी म्हणाली, इंदूने जाताना पाण्यात हात धुतले होते, ते तिने तिथेच सोडले. शेठने हौद उपसला, घासून घेतला, तुरटी टाकली, उदबत्ती लावली. पाचव्या दिवशी बोटं होतीच.

दोन दिवसांनी मामा मला घेऊन थंड खोलीत गेले. आत पिकत्या केळ्यांचा वास इतका दाट होता की तो अंगाला लागत होता. रांगेने लावलेल्या फण्या, आणि त्यांतल्या कितीतरी फण्यांवर तो हात. मामांनी आपला तळहात एका फणीवर ठेवला. हौदावर बाई फणी देठाकडून धरते, म्हणजे बोटांची टोकं केळ्याच्या शेंड्याकडे जातात. इथे उलटं होतं, टोकं देठाकडे होती. मामा फणी फिरवून, हात फिरवून बघायला लागले. शेवटी त्यांनी फणी झाडावर असते तशी, शेंडे वर करून, मला उंच धरायला लावली, स्वतः दोन खोक्यांवर चढले आणि कमरेत वाकून वरून हात खाली आणला. सत्तरीचा माणूस, डोकं खाली, धोतर वर, दातांत बॅटरी. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी हसलो असतो. त्यांची चार बोटं त्या चार डागांवर नेमकी बसली. बॅटरी काढून ते हळूच म्हणाले, "हे झाडावर धरलंय. वरून." मग खाली उतरून त्यांनी खोक्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या. डागाची सगळी खोकी एकाच बागेची होती, सातपुड्याच्या पायथ्याची. वीस वर्षं हात वाचणाऱ्या माणसाने या वेळी बाग बघितलीच नव्हती.

आम्ही दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या बागेत गेलो. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि बागेत दहा पावलं आत गेल्यावर संध्याकाळ झाल्यासारखा काळोख आणि गारवा. पानांवर पानं चढलेली, खाली ठिबकची ओल, आणि कसलाच आवाज नाही. पाखरूसुद्धा नाही. मला वाटलं बाग रिकामी आहे. मग एक शेपटी दिसली, खाली सरळ लोंबणारी. मग दुसरी. मग माझ्या लक्षात आलं की आमच्या डोक्यावर, जिथवर नजर जाते तिथवर, प्रत्येक घडावर एक वानर बसलंय. डोंगरातल्या उन्हाला कंटाळून अख्खी टोळी सावलीला आली होती. खात कुणीच नव्हतं, म्हणून तर बागवाल्याला पत्ता नव्हता. फळ जागेवर असलं की तो खूश. ती नुसती बसली होती, आणि पडू नये म्हणून प्रत्येकाने वरून हात खाली सोडून एकेक फणी धरली होती. ती काळी तोंडं आमच्याकडे वळलेली होती आणि एकही बोट हलत नव्हतं. काल अशीच धरलेली फणी आज सकाळी कापली गेली होती, आणि पाच दिवसांनी थंड खोलीत तिच्यावर इंदूबाईचा हात येणार होता.

मामा पुढे गेले. मी त्यांचा शर्ट ओढला, त्यांना कळलं नाही. सगळ्यात खालच्या घडावर एक वानरी होती. मामांनी अंगठा तळहातात मिटला आणि हात वर केला. तिने तो हात बराच वेळ बघितला. मग तिची फणीवरची बोटं सुटली आणि मामांच्या मनगटावर येऊन बसली, चार बोटं, सावकाश, वजन टाकून. बागेतली सगळी तोंडं त्या एका जागेकडे बघत होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तिने हात काढून घेतला तेव्हा मामा वळले आणि माझ्याकडे न बघता बागेच्या बाहेर आले. उन्हात आल्यावर ते बांधावर बसले. म्हणाले, "वानरीचा हात मी इंदूवर लादला."

मला वाटलं, संपलं, आता शेठला सांगायचं आणि बाईला परत आणायचं. शेठने सगळं शांतपणे ऐकलं, बागवाल्याला फोन करून राखणदार ठेवायला सांगितला, मामांना चहा दिला. इंदूबाईचं नाव निघाल्यावर मात्र ते म्हणाले, नाना, तुमची नजर चुकली हे बाहेर गेलं तर वीस वर्षांच्या मालावर लोक शंका घेतील. झालं ते झालं, दुसरी बाई बरी आहे. मी उठून बोलायला लागलो, खिशातलं पत्रक बाहेर काढलं. मामांनी ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा घडी केलं आणि माझ्या खिशात घातलं. "कागद राहू दे," ते म्हणाले. "मी बोललो होतो, तर मीच बोलीन."

पुढचे चार दिवस मामा रावेरातल्या आणि आसपासच्या प्रत्येक शेडमध्ये गेले. पायी, काही ठिकाणी केळीच्या ट्रॅक्टरवर बसून. हौदाजवळ उभं राहायचे, बायकांना हातातलं काम थांबवायला सांगायचे आणि एकच वाक्य बोलायचे: इंदूचा हात साफ हाय, माझा डोळा चुकला. कुठे लोकांनी मान खाली घातली. कुठे हसले. एका शेडमध्ये एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, मग नाना, आजवर जे सांगितलं त्यातलं किती खरं? मी त्यांच्यासोबत होतो. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शेठने त्यांना येऊ नका असं सांगितलं नाही. बोलावणंच बंद केलं. थंड खोलीत आता यंत्र लावून माल बघणारा एक मुलगा येतो. ज्या मनगटाला त्या वानरीने धरलं होतं, ते मामांनी पाचव्या दिवशी सकाळी बाही सारून उन्हात धरलं. काही उमटलं नव्हतं. मामीला सांगताना ते थोडे नाराज वाटले.

इंदूबाईला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये काम मिळालं. मामा आता पुन्हा तिथे जायला तयार नव्हते. मीच एक दिवस काहीतरी निमित्त काढून त्यांना नेलं. ती हौदावर होती, कोपरापर्यंत पाण्यात. मामा तिच्यासमोर येऊन थांबले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, चार दिवस सगळ्या गावाला सांगितलेलं ते एक वाक्य, पण ते तिच्यासमोर निघेना. पाणी निथळणारी एक फणी तिने चार बोटांनी बाहेर काढली, इकडेतिकडे बघितलं आणि त्यांच्यापुढे केली. "नाना, जरा धरा. मी खोकं लई येस."

मामांनी दोन्ही हात पुढे केले. ती खोकं आणायला गेली. मामा उभे होते, फणीखाली दोन्ही तळवे पसरून, बोटं कुठे ठेवायची ते न कळल्यासारखे. बोटं जवळ आणायचे, पुन्हा दूर न्यायचे. केळ्यांवरचं पाणी त्यांच्या बाहीतून आत जात होतं. शेडमधल्या बायका गालातल्या गालात हसत होत्या. खोकी तिथेच, चार पावलांवर रचलेली होती. इंदूबाईने परत यायला बराच वेळ लावला, आणि तोवर मामा ती हिरवी फणी सांभाळत तसेच उभे राहिले.